भारतीय हवामानशास्त्र विभागाचा इतिहास

भारतीय हवामानशास्त्र विभाग ही हवामानाची निरीक्षणे, पूर्वानुमान आणि चक्रीवादळांची पूर्वसूचना यांसाठी स्थापन झालेली भारत सरकारची राष्ट्रीय वैज्ञानिक संस्था आहे. बोलीभाषेत तिला 'हवामान खाते' किंवा नुसते 'वेधशाळा' असे म्हणतात. तिची स्थापना १५ जानेवारी १८७५ रोजी झाली. तिचे मुख्यालय प्रथम कलकत्त्यास होते; पुढे ते सिमला (१९०५), पुणे (१९२८) आणि अखेर नवी दिल्ली (१९४४) येथे हलले. सध्या ही संस्था केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत काम करते.

विभागाचा दीडशे वर्षांचा इतिहास हा बव्हंशी नैर्ऋत्य मोसमी पावसाचा अंदाज आधी बांधता यावा यासाठी झालेल्या प्रयत्नांचा इतिहास आहे. या प्रयत्नांत यश आणि अपयश यांची इतकी सरमिसळ आहे की एकाचा उल्लेख टाळून दुसरे सांगता येत नाही. विभागाच्या वाटचालीतील बहुतेक मोठे टप्पे एखाद्या दुष्काळानंतर, वादळानंतर किंवा चुकलेल्या भाकितानंतर आलेले आहेत.

पूर्वपीठिका

भारतात शास्त्रीय पद्धतीने हवामानाच्या नोंदी ठेवण्यास ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात आरंभ झाला. मद्रासच्या वेधशाळेत अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून नोंदी होऊ लागल्या. मुंबईत कुलाबा येथे १८२६ मध्ये वेधशाळा उभी राहिली. तिचा मूळ उद्देश खगोलनिरीक्षणाचा होता. १८४१ पासून मात्र तेथे हवामान आणि भूचुंबकत्व यांची नियमित निरीक्षणे सुरू झाली. मराठी वाचकांच्या दृष्टीने या वेधशाळेस एक वेगळे महत्त्व आहे. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी तिचे संचालकपद सांभाळले होते, तर केरो लक्ष्मण तथा केरूनाना छत्रे यांनी ऐन तरुणपणी तेथे साहाय्यक म्हणून काम केले. आधुनिक विज्ञानाशी मराठी विद्वानांचा पहिला प्रत्यक्ष परिचय ज्या मोजक्या ठिकाणी झाला, त्यांपैकी कुलाबा हे एक होय.

याच सुमारास कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन हे जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायमंडळाचे अध्यक्ष होते. वादळात सापडलेल्या जहाजांच्या रोजनिशा अभ्यासून त्यांनी बंगालच्या उपसागरातील वादळांवर सुमारे चाळीस लेख लिहिले. सर्पाच्या वेटोळ्याप्रमाणे फिरणाऱ्या या वाऱ्यांना 'सायक्लोन' हे नाव त्यांनीच दिले व ते जगभर रूढ झाले. मातला नदीच्या काठी नवे बंदर बांधण्याचा बेत सरकारने आखला, तेव्हा १८५३ मध्ये त्यांनी गव्हर्नर जनरलना लेखी इशारा दिला होता, की एखाद्या दिवशी समुद्राची लाट या बंदरावर चढून येईल. बंदर तरीही बांधले गेले. पोर्ट कॅनिंग हे त्याचे नाव. १८६७ च्या वादळात ते उद्ध्वस्त झाले. तेव्हा पिडिंग्टन हयात नव्हते.

स्थापना आणि हेन्री ब्लॅनफर्ड

५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर आलेल्या चक्रीवादळात हजारो माणसे दगावली आणि बंदरातील जहाजांची वाताहत झाली. पाठोपाठ १८६६ मध्ये ओडिशात दुष्काळ पडला व त्यात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी निरनिराळ्या प्रांतांत वेधशाळा होत्या, परंतु प्रत्येकीची उपकरणे वेगळी, निरीक्षणाच्या वेळा वेगळ्या आणि नोंदींची पद्धतही वेगळी होती. एका प्रांताच्या आकड्यांची दुसऱ्या प्रांताशी तुलना करणे अशक्य असल्याने साऱ्या देशाच्या हवामानाचे चित्र कोणापाशीच नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी १८७५ मध्ये मध्यवर्ती विभाग स्थापन करण्यात आला आणि हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड यांची त्याचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली.

ब्लॅनफर्ड हे मूळचे भूशास्त्रज्ञ. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत काम करण्यासाठी ते १८५५ मध्ये भारतात आले आणि पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. विभागाचे प्रमुख म्हणून त्यांनी केलेले पहिले काम वरकरणी अत्यंत रुक्ष होते. वायुभारमापक, तापमापक व पर्जन्यमापक यांचे प्रमाणीकरण करणे, ते किती उंचीवर व कसे बसवायचे हे ठरवणे आणि सर्वत्र ठरावीक वेळीच नोंद होईल असे पाहणे, हे ते काम. आज भारताच्या पावसाची सव्वाशे-दीडशे वर्षांची सलग आकडेवारी उपलब्ध आहे ती या रुक्ष कामामुळे. विभागाची अनेक भाकिते काळाच्या ओघात विसरली गेली, पण ही आकडेवारी जगातील संशोधक आजही वापरतात.

विभागाला दोन वर्षेही झाली नव्हती तोच १८७६–७८ चा महादुष्काळ आला. मद्रास व मुंबई इलाखे, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थान या भागांत त्याने लक्षावधी बळी घेतले. पाऊस कमी पडणार हे आधी समजले असते तर धान्याची व मदतीची तजवीज करता आली असती, या विचाराने सरकारने ब्लॅनफर्ड यांच्याकडे पूर्वानुमानाची मागणी केली. हिमालयात हिवाळ्यात व वसंतात बर्फ अधिक पडले की पुढचा पाऊस कमी पडतो, असे त्यांना नोंदींवरून आढळले होते. हा संबंध त्यांनी १८८४ मध्ये एका शोधनिबंधात मांडला. त्यापूर्वी दोन वर्षे ते प्रायोगिक अंदाज देतच होते. ४ जून १८८६ रोजी भारत व ब्रह्मदेश यांच्या मोसमी पावसाचे पहिले अधिकृत दीर्घ मुदतीचे पूर्वानुमान प्रसिद्ध झाले.

ब्लॅनफर्ड यांच्या कारकिर्दीतच, १८८५ मध्ये, रुचीराम सहानी हे विभागात अधिकारीपदावर दाखल झाले. या पदावर आलेले ते पहिले भारतीय मानले जातात. दोनच वर्षांत ते लाहोरच्या शासकीय महाविद्यालयात अध्यापक म्हणून गेले आणि पंजाबात विज्ञानाच्या लोकशिक्षणाचे मोठे काम त्यांनी उभे केले. वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानी हे त्यांचे पुत्र.

जॉन एलियट आणि १८९९ चे अपयश

१८८९ मध्ये जॉन एलियट विभागाचे प्रमुख झाले. त्यांनी हिमालयातील बर्फाच्या जोडीला हिंदी महासागर, ऑस्ट्रेलिया आदी दूरच्या प्रदेशांतील हवामानाचाही विचार अंदाजात समाविष्ट केला. त्यांची पूर्वानुमाने लांबलचक असत. मात्र नेमके कोणत्या घटकाला किती वजन द्यायचे हे अनुभवावर आणि अंदाजकर्त्याच्या कौलावर अवलंबून होते.

१८९९ साली या पद्धतीची कठोर परीक्षा झाली. त्या वर्षीचे भाकीत सरासरीहून अधिक पावसाचे होते. प्रत्यक्षात पावसाने पाठ फिरवली. गुजरात, राजपुताना, मध्य प्रांत आणि मुंबई इलाख्याचा मोठा भाग होरपळून निघाला. विक्रम संवत १९५६ मधला म्हणून गुजरात-राजस्थानात तो 'छप्पनिया' या नावाने लोकस्मृतीत राहिला. वर्तमानपत्रांनी विभागावर कडाडून टीका केली. तिचा परिणाम असा झाला की १९०२ ते १९०५ या काळात दीर्घ मुदतीची पूर्वानुमाने गोपनीय ठेवण्यात आली. ती केवळ सरकारी अधिकाऱ्यांना मिळत. अंदाज चुकला म्हणून तो सुधारण्याऐवजी झाकून ठेवण्याचा हा उपाय शेतकऱ्यांच्या फारसा उपयोगाचा नव्हता, हे उघड आहे.

एलियट यांनी स्वतः मात्र अपयशातून योग्य धडा घेतला. आपला उत्तराधिकारी हवामानतज्ज्ञ नव्हे, तर उत्तम गणिती असावा असा त्यांचा आग्रह होता.

गिल्बर्ट वॉकर

केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील गणितज्ञ गिल्बर्ट टॉमस वॉकर यांनी १९०४ च्या आरंभी सूत्रे हाती घेतली, तेव्हा हवामानशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. फेकल्यावर परत येणाऱ्या बूमरँगच्या गतीचा गणिती अभ्यास आणि बासरीची रचना हे त्यांचे आवडीचे विषय होते. पुढली वीस वर्षे त्यांनी सिमल्यास राहून एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला: जगातील कोणत्या ठिकाणचे, कोणत्या महिन्यातील हवामान भारताच्या पावसाशी निगडित आहे?

वातावरणाच्या हालचालींची समीकरणे सोडवून पाऊस सांगणे त्या काळी शक्य नव्हते, कारण तेवढी निरीक्षणेही नव्हती आणि गणकयंत्रेही नव्हती. म्हणून वॉकर यांनी संख्याशास्त्राचा मार्ग धरला. जगभरच्या वेधशाळांतून वायुभार, तापमान व पाऊस यांचे वर्षानुवर्षांचे आकडे मागवायचे आणि त्यांची एकमेकांशी जोडी लावून सहसंबंध काढायचा, हा त्यांचा खाक्या. ही प्रचंड आकडेमोड हाताने करण्यासाठी भारतीय कारकून नेमलेले होते. त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांत रायबहादूर हेमराज यांचा वाटा विशेष होता. बाकीच्या कारकुनांची नावे इतिहासात फारशी उरलेली नाहीत, परंतु वॉकर यांच्या प्रसिद्ध कोष्टकांतील जवळपास प्रत्येक आकडा त्यांच्या हातून गेलेला आहे. १९०९ मध्ये वस्तुनिष्ठ संख्याशास्त्रीय सूत्रावर आधारलेले पहिले पूर्वानुमान निघाले. त्यात अंदाजकर्त्याच्या वैयक्तिक मताला वाव नव्हता.

या शोधात वॉकर यांना जे सापडले ते मूळ प्रश्नापेक्षा मोठे होते. प्रशांत महासागरावर वायुभार वाढला की हिंदी महासागरावर तो घटतो आणि उलटही घडते. जणू दोन महासागरांत तराजूची पारडी खालीवर होत असतात. यास त्यांनी 'दक्षिणी आंदोलन' असे नाव दिले. उत्तर अटलांटिक व उत्तर प्रशांत महासागरांतही अशीच आंदोलने असल्याचे त्यांनी दाखवले. त्यांच्या हयातीत अनेकांना हे केवळ आकड्यांचे योगायोग वाटले. १९६९ मध्ये जेकब बियर्कनेस यांनी पेरूच्या किनाऱ्यालगतचे पाणी तापण्याच्या 'एल निनो' या घटनेशी या आंदोलनाचा संबंध जोडला आणि विषुववृत्तावरील हवेच्या त्या चक्राला 'वॉकर अभिसरण' असे नाव दिले. वॉकर १९५८ मध्येच निवर्तले होते. आज जूनच्या तोंडावर खेडोपाडी ज्या 'एल निनो'ची चर्चा होते, तिचा एक धागा सिमल्याच्या त्या कचेरीपर्यंत जातो.

वॉकर यांनी १९१४ मध्ये दिलेला एक इशारा पुढील घडामोडी समजण्यासाठी ध्यानात घ्यावा लागतो. शेकडो घटकांशी पावसाची तुलना केली, तर त्यांतील काही घटक निव्वळ योगायोगानेच पावसाशी घट्ट बांधलेले दिसतील. म्हणून अनेकांतून निवडलेल्या सहसंबंधाची कसोटी अधिक कडक हवी, असे त्यांनी गणिताने दाखवले. त्यांच्या स्वतःच्या सूत्रांनाही हे लागू पडले. त्यांनी निवडलेल्या घटकांपैकी कित्येकांचा पावसाशी असलेला संबंध पुढल्या दशकांत क्षीण झाला.

वॉकर यांच्या संबंधात आणखी एक घटना नोंदवण्याजोगी आहे. १९१३ च्या फेब्रुवारीत मद्रासला आले असता त्यांना तेथील बंदर कचेरीतील एका कारकुनाची गणिताची वही दाखवण्यात आली. त्यांनी लगोलग मद्रास विद्यापीठास पत्र लिहून या तरुणाला शिष्यवृत्ती देण्याची शिफारस केली. तो तरुण म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

याच काळात सिमल्यास काम करणारे जॉर्ज सिम्पसन हे कॅप्टन स्कॉट यांच्या अंटार्क्टिका मोहिमेत हवामानतज्ज्ञ म्हणून गेले होते. पुढे ते ब्रिटिश हवामान संस्थेचे संचालक झाले. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९२२ ते १९२६ या काळात कलकत्त्याच्या अलीपूर वेधशाळेचा कार्यभार सांभाळला. उत्तर बंगालच्या पुरांसंबंधी त्यांनी केलेल्या आकडेवारीच्या अभ्यासाने, पाणी अडवण्यासाठी बांधायच्या खर्चिक तलावांचा प्रस्ताव निरुपयोगी ठरवला.

कुलाबा आणि अलिबाग

कुलाबा वेधशाळा १८९९ मध्ये विभागाच्या अधिकारात आली. तिचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर मूस हे १८९६ पासूनच त्या पदावर होते. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार हे निश्चित होताच मोठा पेच पडला. विजेच्या प्रवाहामुळे भूचुंबकत्वाच्या सूक्ष्म नोंदी बिघडल्या असत्या. मूस यांनी समुद्रापलीकडील अलिबाग ही जागा निवडली आणि तेथे लोखंडाचा अंशही नसलेली इमारत उभारून घेतली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांनी जुन्या आणि नव्या मालिकेचा सांधा जुळवला. या दूरदृष्टीमुळे मुंबई परिसरातील भूचुंबकीय नोंदींची मालिका अखंड राहिली. जगात इतक्या दीर्घ मालिका फार थोड्या आहेत. १९७१ मध्ये हे काम भारतीय भूचुंबकत्व संस्था या स्वतंत्र संस्थेकडे गेले.

विभागाकडे त्या काळी हवामानापलीकडची कामेही होती. १८९७ च्या आसाम भूकंपानंतर अलीपूर, कुलाबा आणि कोडाईकनाल येथे भूकंपमापक बसवण्यात आले. कोडाईकनालची सौर वेधशाळाही विभागाच्याच छत्राखाली होती. सूर्यावरील डागांतून वायू बाहेरच्या दिशेने वाहतात, हा जॉन एव्हरशेड यांचा १९०९ चा शोध तेथलाच.

पुण्याचा कालखंड

१९२८ मध्ये मुख्यालय सिमल्याहून पुण्यास, शिवाजीनगर येथे आले. पुणेकरांनी त्या कचेरीला 'सिमला ऑफिस' म्हणण्यास सुरुवात केली. मुख्यालय दिल्लीस जाऊन आठ दशके लोटली, तरी तेथील चौकाचे नाव तेच आहे आणि हे सिमला येथे कसे आले, असा प्रश्न नवख्या प्रवाशाला आजही पडतो.

या काळात सर चार्ल्स नॉर्मंड हे महासंचालक होते. गडगडाटी वादळांच्या अभ्यासात उपयोगी पडणारे उष्णतागतिकीचे नियम त्यांच्या नावे ओळखले जातात. वॉकर यांच्या कामाचा आढावा घेताना त्यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते. भारतीय मोसमी पाऊस हा जगाच्या हवामानाचा निष्क्रिय परिणाम नसून सक्रिय घटक आहे. इतर घटनांवरून त्याचे भाकीत करण्यापेक्षा त्याच्यावरून पुढच्या घटनांचे भाकीत करणे अधिक सोपे आहे, असा त्याचा आशय होता.

चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत घडलेले अनेक तरुण पदार्थवैज्ञानिक या सुमारास विभागात आले. त्यांपैकी के. आर. रामनाथन यांनी उंच आकाशात सोडलेल्या फुग्यांच्या निरीक्षणांवरून पृथ्वीवरील सर्वांत थंड हवा ध्रुवांवर नसून विषुववृत्ताच्या माथ्यावर, सोळा-सतरा किलोमीटर उंचीवर असते, हे दाखवले. पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे ते पहिले संचालक झाले. एल. ए. रामदास यांनी १९३२ पासून पुण्यात कृषी हवामानशास्त्राची शाखा उभी केली. कृषी महाविद्यालयाच्या शेतावर पिकांच्या उंचीवरील तापमान, जमिनीतील ओलावा, दव यांच्या नोंदी होऊ लागल्या. निरभ्र, शांत रात्री सर्वांत कमी तापमान जमिनीलगत नसून तिच्या काही सेंटिमीटर वर आढळते, या त्यांच्या निरीक्षणावर प्रथम कोणी विश्वास ठेवला नाही. सूर्य मावळल्यावर जमीन सर्वांत आधी निवते, तेव्हा थंडीही तेथेच अधिक असली पाहिजे, असा सर्वांचा समज होता. त्या थराला आता 'रामदास थर' म्हणतात.

१९४४ मध्ये सुधांशुकुमार बॅनर्जी हे विभागाचे पहिले भारतीय महासंचालक झाले. कुलाब्यास असताना त्यांनी समुद्रातील वादळे आणि भूकंपमापकावर उमटणारी सूक्ष्म कंपने यांच्यातील संबंध अभ्यासला होता.

अ‍ॅना मणी आणि स्वदेशी उपकरणे

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा साधा पर्जन्यमापकदेखील भारताला बहुधा परदेशातून आणावा लागे. ही स्थिती पालटण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत अ‍ॅना मणी (१९१८–२००१) यांचे नाव अग्रभागी आहे. केरळातील पीरमेड येथे जन्मलेल्या मणी यांनी बंगळूर येथे रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे व माणकांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर संशोधन केले आणि प्रबंधही सिद्ध केला. परंतु त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नसल्याचे कारण देऊन मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. पदार्थविज्ञानाच्या पुढील अभ्यासासाठी त्या इंग्लंडला गेल्या, तेव्हा हवामान-उपकरणांच्या प्रशिक्षणाचीच तेवढी जागा शिल्लक होती. १९४८ मध्ये परतल्यावर त्या पुण्यातील उपकरण विभागात एस. पी. वेंकिटेश्वरन यांच्या हाताखाली रुजू झाल्या.

लवकरच त्या विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. शंभराहून अधिक पुरुष कर्मचारी आणि प्रमुखपदी एक स्त्री, हे दृश्य त्या काळच्या सरकारी कचेरीत विरळाच. सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित केले व त्यांचे उत्पादन देशात सुरू करवले. मोजमाप चुकीचे असण्यापेक्षा ते नसलेले बरे, अशी त्यांची धारणा होती. १९५७–५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. वातावरणातील ओझोन मोजणारे फुग्यासोबतचे उपकरणही त्यांच्या गटाने तयार केले. विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून थुंबा येथील अग्निबाण प्रक्षेपण केंद्रावर त्यांनी हवामान वेधशाळा उभी केली. १९७६ मध्ये त्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या. त्यानंतर त्यांनी प्रसिद्ध केलेले सौर प्रारणाच्या आकडेवारीचे ग्रंथ आणि पवनऊर्जेसाठी केलेली वाऱ्याची मोजणी यांचा उपयोग आजच्या सौर व पवनचक्की प्रकल्पांच्या आरंभीच्या नियोजनास झाला.

संशोधनाचा विस्तार

१९५८ मध्ये पी. कोटेश्वरम यांनी उन्हाळी मोसमात दक्षिण भारतावरून चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणाऱ्या झोतवाऱ्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा झोत तिबेटचे पठार तापण्याशी निगडित आहे, असे त्यांनी मांडले. १९६२ मध्ये पुण्यात उष्ण प्रदेशीय हवामानशास्त्राची संस्था स्थापन झाली, पी. आर. पिशारोटी हे तिचे पहिले संचालक. ती १९७१ पासून स्वायत्त झाली. त्याच काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचे हवामान केंद्र मुंबईत, कुलाब्यास होते. पुण्याच्या संस्थेतील डी. आर. सिक्का आणि मूळच्या पुण्याच्या सुलोचना गाडगीळ यांनी उपग्रहांच्या छायाचित्रांवरून दाखवले, की मोसमी पाऊस म्हणजे केवळ जमीन-समुद्राच्या तापमानातील फरकामुळे येणारे वारे नव्हेत, तर विषुववृत्तालगतचा ढगांचा पट्टा उत्तरेकडे सरकल्याचा तो परिणाम आहे. शालेय पाठ्यपुस्तकांत अजूनही पहिलाच खुलासा आढळतो.

१९८३ मध्ये इन्सॅट-१ब उपग्रहामुळे ढगांची छायाचित्रे नियमित मिळू लागली. २००२ मध्ये सोडलेल्या हवामान उपग्रहाला पुढल्या वर्षी अंतराळवीर कल्पना चावला यांच्या स्मरणार्थ 'कल्पना-१' हे नाव देण्यात आले. मध्यम मुदतीच्या अंदाजासाठी अमेरिकेकडून क्रे महासंगणक घेताना ज्या अटी व अडचणी आल्या, त्यांतूनच पुण्यात 'परम' या स्वदेशी महासंगणकाच्या निर्मितीस चालना मिळाली.

गोवारीकर प्रारूप आणि २००२

१९८७ च्या तीव्र दुष्काळानंतर दीर्घ मुदतीच्या पूर्वानुमानाला नवे रूप देण्याचे काम केंद्रीय विज्ञान सचिव डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने झाले. हिमालयातील बर्फ, एल निनो, वायुभार, वारे व तापमान असे सोळा घटक एकत्र गुंफणारे त्यांचे प्रारूप १९८८ पासून वापरात आले. पहिल्याच वर्षी चांगल्या पावसाचे भाकीत खरे ठरले. त्यापुढे सलग अनेक वर्षे पाऊस सरासरीच्या जवळपास राहिला आणि अंदाजही तसाच होता. गोवारीकर महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले ते या प्रारूपामुळे.

२००२ मध्ये भाकीत सरासरीच्या १०१ टक्के पावसाचे होते. जुलै महिना जवळजवळ कोरडा गेला. त्या महिन्याचा पाऊस सरासरीच्या निम्म्याच्या आसपास राहिला आणि संपूर्ण मोसमाचा ८१ टक्क्यांवर थांबला. सोळापैकी कित्येक घटकांचा पावसाशी असलेला संबंध मधल्या काळात सैल झाला होता. म्हणजे वॉकर यांनी १९१४ मध्ये दाखवलेला धोका पुन्हा समोर आला होता. २००३ पासून कमी घटकांची प्रारूपे आणि एप्रिल व जून अशा दोन टप्प्यांत अंदाज देण्याची पद्धत सुरू झाली. तरीही २००४ आणि २००९ या दोन्ही वर्षांची अवर्षणे आधी सांगता आली नाहीत. २०१२ मध्ये 'मान्सून मिशन' हाती घेण्यात आले. समुद्र आणि वातावरण यांची समीकरणे महासंगणकावर सोडवून अंदाज काढण्याची पद्धत त्यातून विकसित झाली. वॉकर यांना जे साधनांअभावी सोडावे लागले होते, ते शतकानंतर शक्य झाले.

चक्रीवादळांची पूर्वसूचना

विभागाची सर्वांत निर्विवाद कामगिरी चक्रीवादळांच्या क्षेत्रातील आहे. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्रच्या दिविसीमा भागात वादळाबरोबर चढलेल्या समुद्राच्या लाटेने सुमारे दहा हजार माणसे ओढून नेली. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशावर आलेल्या महाचक्रीवादळातही जवळपास तितकेच बळी गेले. इशारा दिलेला होता, परंतु वादळ नेमके कोठे आणि किती तीव्रतेने धडकेल हे पुरेसे आधी सांगता आले नाही. आणि सांगितले तरी लोकांना हलवणार कोठे, याची सोय नव्हती.

यानंतर डॉप्लर रडार, समुद्रातील तरंगती निरीक्षण केंद्रे व संगणकीय प्रारूपे यांत भर पडली. ओडिशा शासनाने किनाऱ्यावर निवारे बांधले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी 'फायलिन' हे तुल्यबळ वादळ त्याच राज्यावर आले तेव्हा त्याची जागा व वेळ कित्येक दिवस आधी जाहीर झाली होती. जवळपास दहा लाख लोकांना हलवण्यात आले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. या कामाचे नेतृत्व करणारे ओडिशाचेच डॉ. मृत्युंजय महापात्र २०१९ मध्ये महासंचालक झाले. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आलेल्या 'निसर्ग' वादळातही आगाऊ सूचनेमुळे मोठी प्राणहानी टळली, जरी श्रीवर्धन-मुरुड परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. नोव्हेंबर २०१७ अखेरच्या 'ओखी' वादळाचा अनुभव मात्र निराळा होता. ते झपाट्याने बळावले आणि आधीच खोल समुद्रात गेलेल्या केरळ व तमिळनाडूच्या मच्छीमारांपर्यंत इशारा पोहोचला नाही.

उत्तर हिंदी महासागरातील वादळांना नावे देण्याची पद्धत २००४ पासून आहे. प्रदेशातील देशांनी सुचवलेल्या नावांच्या यादीतून नवी दिल्ली येथील विभागाचे केंद्र ती जाहीर करते.

टीका आणि मर्यादा

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वीस-पंचवीस किलोमीटरवरील कुलाब्यास फक्त ७३ मिलिमीटर. इतक्या लहान क्षेत्रावर कोसळणारा पाऊस काही तास आधी हेरू शकेल असे डॉप्लर रडार तेव्हा मुंबईत नव्हते. ते नंतर बसवण्यात आले.

दीर्घ मुदतीच्या अंदाजाविषयीची नाराजी वेगळ्या कारणाने उद्भवते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशभर मिळून पडणाऱ्या पावसाची सरासरी (१९७१–२०२०) सुमारे ८७ सेंटिमीटर आहे आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पावसाला विभाग 'सर्वसाधारण' म्हणतो. हा साऱ्या देशाचा आणि चार महिन्यांचा आकडा आहे. एखाद्या तालुक्यात पेरणीनंतर तीन आठवडे उघडीप पडून रोपे करपली आणि सप्टेंबरात अतिवृष्टी होऊन ती भरपाई झाली, तर हिशेबात वर्ष सर्वसाधारणच ठरते. जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात हवामान विभागाविरुद्ध तक्रार दिली. चांगल्या पावसाच्या भाकितावर विसंबून पेरणी केली आणि बियाणे-खतांचा खर्च वाया गेला, असे त्यांचे म्हणणे होते. बियाणे व खत कंपन्यांशी संगनमताचा त्यांचा आरोप अतिशयोक्त मानता येईल. परंतु शेतकऱ्याला हवे असलेले उत्तर आणि विभाग देत असलेले उत्तर ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, ही गोष्ट त्या तक्रारीने चव्हाट्यावर आणली.

हे अंतर कमी करण्यासाठी जिल्हा व तालुका पातळीवरील कृषी हवामान सल्ला कृषी विद्यापीठांच्या साहाय्याने दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसारित केला जातो. विभागाच्या स्थापनेस दीडशे वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने १४ जानेवारी २०२५ रोजी 'मिशन मौसम'चा आरंभ झाला. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याच्या संस्थेत विकसित केलेली 'भारत पूर्वानुमान प्रणाली' कार्यान्वित करण्यात आली. तिच्यात देशाचे हवामान सहा किलोमीटरच्या चौकटींत मोजले जाते. पूर्वीच्या प्रारूपात ही चौकट बारा किलोमीटरची होती.